आवाज गेल्यानंतर

शुद्धीवर आले तेव्हा उशाशी भाचीची पाटी होती. तिने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ‘आत्या, बोलू नको.’

डाव्या स्वरतंतूवरचा पॉलिप काढला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, डॉक्टर म्हणाले. बावीस वर्षं मी चौथीचा वर्ग घेतला. वर्गात साठ-साठ मुलं, खिडकीखाली एसटीचा रस्ता, आणि संध्याकाळी घरी तंबोरा. दोन्ही कामं एकाच गळ्यावर. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी पडद्यावर माझाच गळा दाखवला. दोन पांढुरक्या पट्ट्या आणि त्यांच्यात एक फट. काळी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या सुरावरचा षड्ज लावता तेव्हा या दोन पट्ट्या सेकंदाला सुमारे २३० वेळा एकमेकींवर येतात, असं त्यांनी सांगितलं. त्या सुराला मी इतकी वर्षं ‘स्थिर’ म्हणत आले होते.

दोन आठवडे संपूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, त्याने गळ्यावर उलट जास्त ताण येतो. मग हळूहळू बोलणं. तीन महिने गाणं नाही. एवढं सांगून डॉक्टर दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “वरची पट्टी पूर्वीसारखी मिळेलच असं सांगता येत नाही.”

मी काही मैफलीची गायिका नाही. कोल्हापुरात वाढले, शाळेत शिकवते आणि गेली वीस वर्षं एका बाईंकडे जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं शिकते. माझ्या आवाजावाचून कुणाचं अडणार नव्हतं. तरी त्या रात्री मी पाटीवर एक ओळ लिहिली, पुसली, परत लिहिली, आणि घरातलं कुणी वाचायच्या आत पुसून टाकली.

चौथ्या दिवशी बाई आल्या. वय ऐंशीच्या घरात. रिक्षात तंबोरा आडवा घालून, भोपळा मांडीवर धरून आल्या होत्या. काही विचारलं नाही. खुर्चीत बसल्या, तारा लावल्या आणि छेडायला लागल्या. दहा-पंधरा मिनिटं तेवढंच चाललं होतं. मग हात न थांबवता म्हणाल्या, “गळा हलतोय तुझा. मनातसुद्धा गाऊ नकोस इतक्यात. नुसतं ऐक.”

खरंच हलत होता. मी हात लावून पाहिलं. तंबोऱ्यातून गंधार उमटला की माझ्या आत काहीतरी त्याच्याकडे सरकत होतं. मला ते आजवर कधी कळलंच नव्हतं.

निघताना बाई म्हणाल्या, “खाँसाहेबांचाही आवाज गेला होता. ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. आमच्या घराण्यात शिकणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. पण आजोबा कुठल्या गावचे हे माहीत असावं, तसं ते माहीत होतं. त्या गावात आपण कधी गेलेलो नसतो.

पुढच्या तीन महिन्यांत मी त्या गावात जाऊन राहिले. जे वाचायला मिळालं ते वाचलं, जे ऐकायला मिळालं ते ऐकलं. बोलता येत नव्हतं, त्यामुळे वेळ भरपूर होता.

आमच्या घराण्याचे मूळ पुरुष अल्लादिया खाँसाहेब. त्यांचा जन्म १८५५चा, जयपूर संस्थानातल्या उणियाऱ्याचा. कूळ मूळचं अत्रौलीचं, धृपद गाणाऱ्यांचं. वडील लवकर गेले. चुलते जहांगीर खाँ यांनी तालीम दिली, आधी धृपद-धमाराची आणि मग ख्यालाची. पोरवयापासून मेहनत केलेला आवाज तयार झाला. त्या आवाजाच्या बळावर ते राजस्थानातल्या आणि आसपासच्या दरबारांत गायला लागले. आमलेटा नावाच्या एका छोट्या संस्थानात त्यांचा मुक्काम पडला. तिथल्या अधिपतीला गाण्याचं विलक्षण वेड होतं. तो गायला लावत राहिला आणि खाँसाहेब दिवसामागून दिवस गात राहिले. त्यातच आवाज फुटला. तो परत यायला फार काळ जावा लागला. परत आला तो पहिला आवाज नव्हता.

हे मी पूर्वी वाचलं असतं तर ‘फार काळ’ हे दोन शब्द ओलांडून पुढे गेले असते. आता तिथेच अडकले. माझे अकरा दिवस झाले होते आणि अकराव्या दिवशी स्वयंपाकघरात दूध उतू जात असताना मला कुणाला हाक मारता आली नाही म्हणून मी रडले होते. ज्याचं पोट, अब्रू, कूळ आणि नमाजानंतरचा सगळा दिवस आवाजावर उभा आहे, असा माणूस रोज सकाळी उठून तोंड उघडतो आणि आतून घोगरा वारा येतो. तो काय करत असेल? मला खात्रीने एकच दिसतं: तो ऐकत असणार. आणि आत कुठेतरी गळा हलत असणार.

पुढे १८९५ साली शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूरला आणलं. १९२२ साली महाराज वारले आणि खाँसाहेब मुंबईला गेले. या मधल्या पावशतकात त्यांचं म्हणून जे गाणं ओळखलं जातं ते महाराष्ट्राने ऐकलं. त्या गाण्यात आकार, म्हणजे ‘आ’ म्हणून लावलेला सूर, अखंड असतो. स्वर सुटा उभा राहत नाही, एक स्वर दुसऱ्याच्या कुशीतून निघतो. लय मात्रेमात्रेला आतून पकडलेली असते. तान सरळ वर चढून सरळ खाली येत नाही. ती वळते, मागे येते, मध्येच आडवी जाते, आणि तरी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, अशी येते की ऐकणाऱ्याचा श्वास तिथेच सुटावा. शिवाय रागही अनवट, क्वचित गायले जाणारे: सावनी, खट, बिहागडा, नटकामोद, बसंती केदार.

हे सगळं त्या फुटलेल्या आवाजातून आलं, असं सर्रास सांगितलं जातं. आवाजाची सहज फिरत गेली, म्हणून त्यांनी बुद्धीची फिरत आणली. घराणं म्हणजे मूळ पुरुषाच्या गळ्याचा धर्म, हा विचार मराठीत संगीतावर लिहिणाऱ्यांनी पुष्कळ मांडला आहे आणि त्यात तथ्य आहेच. ऑपरेशननंतर मला भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी मला हेच ऐकवलं. बघ, आवाज गेला म्हणून तर एवढं मोठं घराणं झालं! वाईटातून चांगलंच होतं!

मला उत्तर देता येत नव्हतं. देता आलं असतं तर मी त्यांना मुबारक अली खाँविषयी सांगितलं असतं. जयपुरात तरुण अल्लादियांनी मुबारक अलींचं गाणं ऐकलं होतं. बडे महंमद खाँचे हे चिरंजीव, पेचदार आणि वक्र तानेचे बादशहा. ते गाणं खाँसाहेबांच्या मनात आयुष्यभर राहिलं. म्हणजे ती वळणाची तान त्यांच्या कानात आवाज शाबूत असतानाच शिरलेली होती. धृपदाची भारदस्त चाल घरातलीच होती. चुलत्यांनी दिलेल्या चिजांचा, बंदिशींचा साठा होता. आवाज फुटल्यावर यातलं काही फुटलं नाही.

आणि मग केसरबाई.

जे गाणं एका जायबंदी गळ्याची सोय म्हणून घडलं, ते दुसऱ्या जायबंदी गळ्यांनाच शोभायला हवं होतं. पण खाँसाहेबांची गायकी सगळ्यात झळाळून उठली ती केसरबाई केरकरांच्या गळ्यात. १९२१च्या सुमारास त्यांची तालीम सुरू झाली. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात केरी इथे जन्मलेल्या या बाईंचा आवाज खुला, भरदार, तिन्ही सप्तकांत सारख्या वजनाचा. त्यांना कशाचीच सोय करून घ्यायची गरज नव्हती. तरी तीच वळणं, तोच अखंड आकार, तीच मात्रेची पकड त्यांनी घेतली आणि ती त्यांना पुरून उरली. याच घराण्यातल्या मोगूबाई कुर्डीकरांचा आवाज वेगळा, मल्लिकार्जुन मन्सूरांचा त्याहून वेगळा. सगळ्यांना ते गाणं आपलंच वाटलं. मग ते एका गळ्याच्या दुखण्याचं औषध कसं असेल?

आणखी एक गोष्ट मला त्या दिवसांत फार जाणवली. खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रण करू दिलं नाही. १६ मार्च १९४६ रोजी ते मुंबईत वारले. तोवर तबकड्यांचा धंदा भरभराटीला येऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यांचा एक सूरही कुणी पकडून ठेवलेला नाही. ज्या आवाजातून आमचं घराणं निघालं म्हणतात, तो आवाज आज पृथ्वीवर कुणालाच ऐकू येणार नाही. पहिलाही नाही आणि दुसराही नाही. आणि त्यांच्या शिष्येची साडेतीन मिनिटांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, १९७७ साली व्हॉयेजर या अंतराळयानांवरच्या सोन्याच्या तबकडीतून सूर्यमालेबाहेर निघाली. व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ते यान २०१२ साली ताऱ्यांमधल्या पोकळीत पोहोचलं. रात्री झोप लागत नसे तेव्हा मी ती भैरवी हेडफोनवर ऐकायचे, अगदी हळू आवाजात. बाईंची ताकीद पाळायचा प्रयत्न करायचे. पण गळा हलायचाच.

देवगंधर्व भास्करबुवा बखल्यांची गोष्ट त्यामानाने लहान आहे, पण ती मला माझ्या वर्गामुळे जवळची वाटते. किर्लोस्कर नाटक मंडळीत हा गोड गळ्याचा मुलगा गाजत होता. मिसरूड फुटायच्या वयात आवाज फुटला आणि कालपर्यंत डोक्यावर घेणाऱ्या कंपनीत त्याची किंमत गेली. चौथीतली माझी मुलं दोन-तीन वर्षांनी भेटायला येतात तेव्हा त्यांतल्या मुलांचा आवाज असाच दोन तुकड्यांत बोलत असतो. ती लाजून गप्प उभी राहतात. भास्करबुवा गप्प राहिले नाहीत. कंपनी सोडून शिकायला निघाले. बडोद्याला फैज महंमद खाँकडे, मग आग्रा घराण्याच्या नत्थन खाँकडे, आणि पुढे अल्लादिया खाँसाहेबांकडे. तीन ठिकाणचं गाणं एका माणसात आलं. बालगंधर्वांना घडवणारे, १९१६च्या ‘स्वयंवर’ नाटकाला चाली देणारे आणि पुण्यात भारत गायन समाजाची पायाभरणी करणारे ते हेच. १९२२ साली, पन्नाशी नुकती ओलांडून ते गेले. त्यांचाही आवाज आज ऐकायला मिळत नाही. आवाज गमावलेला गुरू आणि आवाज गमावलेला शिष्य समोरासमोर बसून तालीम चाललीय, हे चित्र मी त्या दिवसांत कितीदा डोळ्यांसमोर आणलं असेल.

कुमार गंधर्वांच्या बाबतीत मात्र आपल्याला दोन्ही आवाज ऐकता येतात, आधीचा आणि नंतरचा. म्हणून त्यांची गोष्ट मला सगळ्यात अवघड गेली.

८ एप्रिल १९२४, बेळगावजवळचं सुळेभावी. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ. पाच-सहा वर्षांचं पोर मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गायला लागलं, तेव्हा एका स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटलं आणि तेच नाव राहिलं. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमधल्या परिषदेत तो मुलगा गायला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव सगळीकडे झालं. मग प्रा. बी. आर. देवधरांच्या शाळेत शिक्षण. आणि तिथून अंजनीबाई मालपेकरांकडे. भेंडीबाजार घराण्याच्या नजीर खाँच्या या शिष्या. या घराण्याची ख्याती दमसासाची: एका श्वासात लांबच लांब आलाप, कुठे जोड दिसू न देता. तरुण कुमार हे शिकले.

१९४७च्या एप्रिलमध्ये भानुमती कंस यांच्याशी लग्न झालं. त्याही देवधरांच्याच विद्यार्थिनी. त्याच वर्षी क्षयाचं निदान झालं.

स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतं निघालं होतं. आपल्याकडे ते दुर्मीळ आणि महाग होतं. कोरडी हवा हेच खरं औषध. म्हणून माळव्यातलं देवास. चामुंडेच्या टेकडीच्या पायथ्याला असलेलं लहानसं गाव. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. एक फुप्फुस निकामी झालं. पाच-सहा वर्षं अंथरूण.

हे लोक फार पटकन सांगतात. कुमार आजारी पडले, खाटेवर पडून त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली, बरे झाले आणि नवं गाणं घेऊन आले. जणू लोकगीतं ऐकण्यासाठीच क्षय झाला होता. माझे तीन महिने होते आणि त्याला शेवट ठरलेला होता. त्यांच्या वर्षांना शेवट ठरलेला नव्हता. दोन-तीन वर्षं खोकण्यात गेल्यावर, आपण परत गाऊ की नाही हे माहीत नसताना, खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायकांच्या गाण्याकडे कान देणं म्हणजे काय असतं? मला त्या काळातल्या एका गोष्टीचं सगळ्यात नवल वाटतं. तो माणूस सूर ऐकून कडवट झाला नाही. मला नवव्या-दहाव्या दिवशी शेजारची मुलगी हार्मोनियमवर अलंकार वाजवायला बसली तरी दार लावून घ्यावंसं वाटायचं.

त्या बायकांची गाणी चार-पाच सुरांची होती. लग्नाची, पावसाची, जात्यावरची. नाथपंथी जोगी एकतारीवर निर्गुणी भजनं म्हणत दारावरून जायचे. ‘सुनता है गुरु ग्यानी’ कुमारांना अशाच एका जोग्याकडून मिळालं. थोडी ताकद आल्यावर त्यांनी ही गाणी गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्या लक्षात आलं की राग म्हणून आपण जे गातो त्याचं बी या धुनांत आहे. मग अशा धुनांमधून त्यांनी नवे राग उभे केले आणि त्यांना ‘धुनउगम’ म्हटलं. मालवती, संजारी, सहेली तोडी, लगनगंधार, मधसुरजा. ही नावं नुसती वाचली तरी माळव्याची उन्हाळी दुपार दिसते.

आणि भानुमतीताई. त्या शाळेत शिकवायला जात होत्या. घर त्यावर चालत होतं. सकाळी नवऱ्याचं औषधपाणी, दुपारी वर्ग, संध्याकाळी परत औषधपाणी. कुमारांच्या मौनाविषयी आपण बोलतो तेव्हा मला दुसरं मौन आठवतं. गाणं शिकायला घर सोडून मुंबईत आलेली एक मुलगी, आवाज शाबूत असलेली, रोज खडू हातात घेऊन वर्गात उभी राहते. तिच्या गळ्यातलं गाणं त्या वर्षांत कुणासाठी होतं? मी स्वतः खडू घेऊन उभी राहते म्हणूनही असेल, पण देवासच्या त्या वर्षांची नायिका मला त्याच वाटतात. १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी त्या गेल्या. कुमारांच्या घराचं नाव ‘भानुकुल’ आहे.

१९५३च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत गायला लागले. लहानपणच्या तबकड्या ऐकून लगेच नंतरचं गाणं लावलं की अंगावर काटा येतो. पोराचा तो आवाज बिनधास्त पळतो. नंतरचा आवाज एकदम येतो, पूर्ण प्रकाशात येतो आणि थांबतो. थांबतो तेव्हा तंबोरे ऐकू येतात. कुमारांचे तंबोरे म्हणजे स्वतंत्र विषय आहे. ते लावण्यात त्यांचा कितीतरी वेळ जायचा आणि जाणकार तेही ऐकत बसायचे. मी त्यांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं ऐकताना सुरुवातीला तुकड्यांकडे लक्ष देत होते. श्वास किती पुरला, कुठे तोडलं. मग एका दुपारी लक्ष फक्त मधल्या जागांकडे गेलं. तिथे गाणं चालूच होतं. ते फक्त ऐकू येत नव्हतं.

इथे मला एक सांगावंसं वाटतं, आणि ते कुणाला रुचणार नाही. कुमारांसारखं गाणारे पुष्कळ झाले. दोन्ही फुप्फुसं धडधाकट असलेली मुलं तसे तुकडे टाकतात, तसं अचानक सोडतात. पण त्यांनी सोडलेल्या जागेत काही नसतं. अंजनीबाईंकडे दमसास शिकलेल्या माणसाला जेव्हा श्वास पुरेनासा झाला, तेव्हा त्याने तो लांब आलाप टाकून दिला नाही. मधला भाग मनात ठेवून दोन टोकं तेवढी गायली. निदान मला तरी तसं ऐकू येतं. मधला भाग ज्याने कधी गायलेलाच नाही, त्याच्या दोन टोकांमध्ये नुसती फट उरते.

त्याच अंजनीबाईंकडे आणखी एक मुलगी शिकायला गेली होती. किशोरी आमोणकर.

किशोरीताईंच्या घरी गाण्याला तोटा नव्हता. आई मोगूबाई. नवरा अकाली गेल्यावर तीन मुलं पदरात घेऊन, शिकवण्या आणि मैफलींवर घर चालवणारी आई. सांगलीत मोगूबाई एकट्या रियाज करत असताना औषधोपचारासाठी तिथे आलेल्या अल्लादिया खाँसाहेबांनी रस्त्यावरून तो आवाज ऐकला आणि आपण होऊन शिकवायला सुरुवात केली, हे आमच्या घराण्यात रामायणासारखं सांगितलं जातं. त्या मोगूबाईंची शिस्त अशी की चिजेची स्थायी त्या दोनदा म्हणून दाखवायच्या. तिसऱ्यांदा नाही. दोनदा ऐकून जे उचललं ते तुझं. आमच्या बाईही असंच करतात. पूर्वी मला तो कडकपणा वाटायचा. बोलता येत नसतानाच्या दिवसांत कळलं की तेवढ्यात जे कानात राहतं ते गळ्यावर अवलंबून नसतं.

किशोरीताई पंचविशीच्या आसपास असताना त्यांचा आवाज गेला. बराच काळ गेला. पुण्याच्या सरदेशमुख महाराजांच्या आयुर्वेदिक उपचारांनी तो परत आला, हे त्या कृतज्ञतेने सांगत. मोगूबाईंच्या घरात, जिथे सकाळ तंबोऱ्याने उजाडते, तिथे आवाज नसलेली मुलगी म्हणून राहणं. मला याहून जास्त कल्पना करवत नाही.

नंतरच्या त्यांच्या गाण्यावर जयपूरवाल्यांनी नाकं मुरडली. एवढा आलाप आपल्याकडे कुठे असतो, मात्रेची पकड सैल झाली, हे घराण्याचं नाही. माझ्या बाईही त्यांतल्याच. मी वीस वर्षं त्यांचंच म्हणणं धरून होते. आता भूप रागातलं त्यांचं ‘सहेला रे’ लावलं तेव्हा मला त्यात बंड ऐकू आलं नाही. एक बाई गंधाराच्या दाराशी उभी आहे आणि आत जाण्याआधी त्याला विचारते आहे, असं वाटलं. ज्याला तो गंधार कधी नाकारला गेलेला नाही तो असा विचारून आत जात नाही, सरळ शिरतो. मी पाटीवर लिहिलं, ‘बाई, किशोरीताईंविषयी तुमचं चुकतंय.’ बाईंनी चष्मा लावून वाचलं. पाटी परत दिली. म्हणाल्या, “आवाज आल्यावर बोलू.”

तो वाद अजून चालू आहे.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी गायला परवानगी दिली. दिवसाला दहा मिनिटं. घरी तोंड उघडायचं धाडस झालं नाही, म्हणून बाईंकडे गेले. कोपऱ्यात त्यांचा मोठा तंबोरा काढून ठेवलेला होता, जो गेली कित्येक वर्षं गवसणीतच होता. त्याला नव्या तारा चढवलेल्या होत्या, जाड नंबराच्या. मिरजेहून मागवून घेतल्या होत्या. काळी पाचला त्या तारा लागल्याच नसत्या.

मी काही म्हटलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही. त्यांनी खुंट्या पिळल्या, तारा काळी तीनवर आणल्या, माझ्या नेहमीच्या सुराच्या बऱ्याच खाली. मग मणी सरकवून बारीक फरक काढला. तार लागली होती पण आवाज बोदा येत होता. त्यांनी घोडीवरचा दोरा बोटाच्या नखाने केसभर पुढे घेतला, ऐकलं, पुन्हा मागे घेतला, पुन्हा ऐकलं. बऱ्याच वेळाने जवारी, तारेची ती गुंजणारी झणक, खुलली आणि खर्जातून गंधार वर आला.

“लाव.”

मी थांबले. तंबोऱ्याची दोन आवर्तनं गेली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी षड्ज लावला. आधी नुसती हवा आली, मग हवेत थोडा सूर, मग सूर, आणि शेवटाला तो तुटला.

बाईंचा हात थांबला नव्हता.

“पुन्हा,” त्या म्हणाल्या.